वाळूची पिशवी आणि भाऊजी

माझ्या मोठ्या बहिणीला, अक्काला, कामावर सगळे क्रेन म्हणायचे. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत होती ती, लग्नानंतर लागली ती थेट निवृत्त होईपर्यंत. लॉन्ड्री तळघरात. एका भिंतीला मोठाली यंत्रं, मधे चाकांच्या गाड्या, पलीकडे चादरी वाळवून सपाट करणारे गरम रोलर. यंत्रातून निघालेला ओल्या चादरींचा गठ्ठा दोघींनी मिळून गाडीत टाकायचा, असा तिथला नियम होता. अक्का एकटी टाकायची. दुसरी बाई हात लावायला येईपर्यंत गठ्ठा गाडीत पडलेला असायचा, आणि वर हिचंच बोलणं, की तुमची वाट बघत बसले तर पेशंट उघड्या गादीवर झोपतील. मी पोस्टात खिडकीमागे बसून शिक्के मारणारी. मला ती कागदी बाई म्हणायची.

तिचे यजमान, आमचे भाऊजी, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. उंच, रुंद, मोजकं बोलणारे. शिडीवर उभे राहिले की जेवायची शुद्ध नसायची, मग अक्का डबा घेऊन रस्त्यात उभी राहायची आणि खालून ओरडून त्यांना उतरवायची. त्या दोघांचं प्रेमबिम काय ते तेवढंच दिसायचं लोकांना. घरात मात्र भाऊजींचं पान वाढल्याशिवाय ती पाणीही प्यायची नाही. मोठा तुकडा त्यांना, दुधावरची साय त्यांना. आमच्या आईचंच वळण ते. ताकदीचं आधी पुरुषाला, घरात कुणी आजारी असेल तर आधी त्याला, आणि बाईने काय, उरलंसुरलं. मी ते वळण नवऱ्याच्या घरी पहिल्याच वर्षी सोडलं. अक्काने नाही सोडलं.

मग भाऊजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऐकायला यायचं, समजायचं सगळं, डोळे बोलायचे, पण तोंडातून शब्द म्हणून निघत नव्हता. डाव्या हाताने पलंगाच्या कठड्यावर ठकठक करायचे, तेवढंच.

त्यांचा मुलगा, माझा भाचा, दुसऱ्या शहरात असतो. एसटीने जायचं तर दिवस मोडतो. पोरगा वाईट नाही, उगाच खोटं कशाला बोलू, पण त्याला सगळ्या गोष्टी एकदा ठरवून मोकळं व्हायचं असतं. तो आला आणि म्हणाला की त्याच्या घराजवळ एक चांगली संस्था आहे, चोवीस तास माणसं असतात, बाबांना तिथे ठेवू. अक्का अशी काही कडाडली की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. परक्या माणसांनी यांना उचलायचं आणि मी घरात हात चोळत बसायचं? शेवटी मायलेकांत करार झाला. भाचा म्हणाला, "आई, तू त्यांना उचलू शकतेस तोवर ते घरात. ज्या दिवशी तुझ्या हातून पडतील, त्या दिवशी माझं ऐकायचं."

अक्का म्हणाली, "चालेल." क्रेन म्हणायचे ना तिला. तिला वाटलं, ही कसली अट?

रोज सकाळी पलंगावरून खुर्चीत आणि संध्याकाळी खुर्चीतून पलंगावर. मधे संडास असेल तर आणखी. लॉन्ड्रीच्या जुन्या कॅनव्हासच्या पिशवीचा तिने एक रुंद पट्टा शिवला होता, बाजूंना मुठी लावलेला. तो भाऊजींच्या कमरेला बांधायचा, त्यांचा डावा हात आपल्या मानेभोवती घ्यायचा, आपल्या गुडघ्याने त्यांचा लुळा गुडघा अडवायचा, मुठी धरायच्या आणि म्हणायचं, "एक, दोन, चला." त्या 'चला'वर भाऊजी चांगल्या पायाने जोर द्यायचे आणि अक्का ओढायची. मग पाव वळसा, आणि खुर्ची. खुर्ची खिडकीकडे तोंड करून, म्हणजे त्यांना समोरच्या रस्त्यावरच्या पाट्या दिसतील. त्यातल्या निम्म्या त्यांनीच रंगवलेल्या.

दोन वर्षं चाललं. मग एका सकाळी मी तिथेच होते, 'चला' झालं, आणि अक्काचे गुडघे थरथरायला लागले. भाऊजी अर्धे वर आणि ती अर्धी खाली. मी धावत जाऊन मागून धरलं म्हणून निभावलं. अक्का म्हणाली की काही नाही, चप्पल सरकली. पायात चप्पल नव्हती. मी तिच्या पोटऱ्यांकडे पाहिलं तर काय, कातडं लोंबत होतं. एवढ्या दांडग्या बाईच्या मांड्या कधी आटल्या ते त्या घरात कुणाला कळलंच नव्हतं.

भाऊजींना व्यायाम द्यायला एक फिजिओ यायची, माझ्या नातीच्या वयाची पोरगी. अक्का तिला व्यायामबाई म्हणायची. मी तिला सगळं सांगून टाकलं, अक्का डोळे वटारत असताना. पोरीने अक्काला साध्या खुर्चीत बसवलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. अक्काला उठता येईना. रक्त तपासून घेतलं तर साखर केवढी तरी चढलेली. व्यायामबाई म्हणाली की काकू, व्यायामाची खरी गरज काकांना नाही, तुम्हाला आहे. या वयात स्नायू आपोआप झिजतात, आणि जेवणातून आलेली साखर वापरतं कोण, तर हेच स्नायू. ते आटले की साखर रक्तात फिरत राहते. गोळी चालू ठेवा, पण पायात ताकद आणा. म्हणजे साखरही उतरेल आणि काकाही उचलले जातील.

तिने अक्काला कार्यक्रम लावून दिला. खुर्चीतून उठणं-बसणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दोन हातांत घेऊन पायरी चढणं-उतरणं, भिंतीला हात लावून जोर काढणं. रोज दोन अंडी, दूध, डाळी. आणि डॉक्टरला विचारून, अक्काची किडनी ठीक आहे हे पाहून, एक पांढरी पावडर. क्रिएटिन. रोज एक छोटा चमचा. अक्का म्हणाली की हे तर दंड फुगवणारी पोरं खातात, माझे दंड बघायला कोण येणार आहे? व्यायामबाई हसली. म्हणाली की ही काही जादू नाही, नुसती खाऊन काही होत नाही, व्यायाम केला तर थोडा जास्त उपयोग होतो, एवढंच. आणि जाताना दारात थांबून बजावलं की हे फक्त तुमच्यासाठी. काकांची किडनी बीपीमुळे आधीच काठावर आहे, त्यांना द्यायचं नाही. अक्काने मान डोलावली. तिचं मान डोलावणं म्हणजे ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे मला कळायला हवं होतं की नाही ते देव जाणे. पण एवढं स्पष्ट सांगितल्यावर कोण असं करेल?

व्यायाम मात्र तिने मनापासून केला. भाऊजी खुर्चीतून बघायचे आणि ती उठली-बसली की डाव्या हाताने ठकठक करायचे. तिने टाळाटाळ केली तर थांबायचेच नाहीत. अक्का म्हणायची की जन्मभर शिडीवरून खाली उतरले नाहीत आणि आता मला उठाबशा काढायला लावतायत. मला मजा वाटायची. बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत कुणी हसत होतं.

भाऊजी तजेलदार दिसायला लागले. गाल भरले, मान भरली. शेजारीण म्हणाली की काय सेवा करते हो बाई. अक्का खूश. ती स्वतः मात्र तशीच, कपडे अंगावर लोंबतायत. मी विचारलं की तू अंडी खातेस ना? तर म्हणाली की खाते, खाते, तू काय माझी सासू आहेस का? जेवण भरवताना भाऊजी मात्र तोंड फिरवायला लागले होते. वाटीत चमचा पडला की ते दाराकडे बघायचे, ओठ मिटून. अक्का म्हणायची की नखरे वाढलेत यांचे, आणि लाडीगोडी लावून भरवायचीच.

मग भाऊजींच्या नेहमीच्या रक्ततपासणीत किडनीचा आकडा चढलेला आला. डॉक्टरने कपाळाला आठ्या घातल्या, दोन औषधं बंद केली, आणखी तपासण्या लिहून दिल्या. अक्काचा चेहरा पांढराफटक पडला. रिपोर्ट बघायला व्यायामबाई आली. तिने अक्काचाही ताजा रिपोर्ट मागितला. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत बसली बराच वेळ. ही पावडर घेतली की रक्तातला हा आकडा थोडा वर दिसू शकतो, हे तिला माहीत होतं. म्हणून तिला कळेना, की पावडर काकू घेतायत, त्यांचा आकडा तिळभर हललेला नाही, आणि काकांचा कसा वाढला?

तिने मान वर करून अक्काकडे पाहिलं. मीही पाहिलं. अक्का फडक्याने स्वच्छ असलेलं टेबल पुसत होती.

"घरात आजारी माणूस पडलेला असताना," अक्का म्हणाली, "ताकदीचं मी एकटीने खायचं?"

पावडर त्यांच्या दुधात. अंडी त्यांच्या वाटीत, दोन्ही. साय, डाळी, सगळं तिकडे. आणि ही रिकाम्या पोटी पाण्याच्या बाटल्या घेऊन पायऱ्या चढत होती. माझा असा संताप झाला की मी तिला नको नको ते बोलले. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असंसुद्धा म्हणाले, भाऊजी समोर बसलेले असताना. व्यायामबाई शांतपणे म्हणाली की किडनीचं काय ते पावडर बंद केल्यावर कळेल, बहुतेक आकडा उतरेल. पण काकू, अंथरुणावरच्या माणसाला एवढं खाऊ घातलं तर त्याला ताकद येत नाही, त्याचं वजन वाढतं. आणि ते वजन तुम्हीच उचलताय. तेव्हा भाऊजींनी खुर्चीच्या हातावर ठकठक केली, जोरजोरात. त्यांना केव्हापासून कळलं होतं. सांगायला तोंड नव्हतं.

आकडा खरंच उतरला. अक्काने कान धरला, माझ्यासमोर बसून अंडं खाऊ लागली. पण आज पेरलं आणि उद्या उगवलं असं कुठे असतं? पुढच्याच आठवड्यात मी बाजारात गेले असताना ती पडली. 'चला' म्हटलं, वर आणलं, वळताना पाय मुडपला, आणि ते भरलेलं शरीर घेऊन ती खाली आली. तिचं मनगट मोडलं, भाऊजींचा खांदा निखळला. मी परत आले तेव्हा दोघं जमिनीवर तशीच होती. भाऊजींचा डावा हात अजून तिच्या मानेभोवती होता. ती त्यांना सांगत होती की थांबा हं, येईल आता कुणीतरी.

हॉस्पिटलमध्ये पलंगासकट वजन घेतात, तिथे भाऊजींचं वजन कळलं. झटका आला तेव्हापेक्षा कितीतरी जास्त. भाचा आला. ओरडला नाही. अक्काच्या प्लास्टरमधल्या हाताकडे बघून एवढंच म्हणाला, "आई, आपलं ठरलं होतं." अक्का शब्दाची पक्की. तिने भाऊजींचे कपडे एका हाताने घड्या घालून पिशवीत भरले. कॅनव्हासचा पट्टा मात्र तिने ठेवून घेतला.

ती एकदाच संस्थेत भेटायला गेली. निघताना भाऊजींनी तिचा पदर डाव्या हातात धरला आणि सोडेनात. तिथल्या माणसाला बोटं सोडवावी लागली. परत आल्यावर ती मला म्हणाली की आता जाईन ती त्यांना आणायलाच. मी म्हटलं, वेड लागलंय तुला. पण तिने भाच्याला फोन लावून नवा करार केला. व्यायामबाई जेवढं म्हणेल तेवढं वजन मी तिच्यासमोर उचलून दाखवलं, तर बाबा घरी. भाचा हो म्हणाला. त्याला वाटलं असणार की या वयात, मोडलेल्या हाताने, ही काय उचलतेय.

व्यायामबाईने हिशोब सांगितला. काकांचा एक पाय जोर देतो, म्हणजे अंगावर निम्म्याच्या आसपास वजन येतं. तेवढी वाळू एका पोत्यात भरायची. प्लास्टर निघाल्यावर अक्काने पोतं शिवलं, त्यालाच तो पट्टा बांधला आणि पलंगावर भाऊजींच्या जागी ठेवलं. सुरुवातीला त्यात वाळू थोडीच, मग वाढवत वाढवत. मी त्या पोत्याला पिशवीतले भाऊजी म्हणायचे. ती हसायची नाही.

आता मात्र ती खायची. दोन्ही अंडी, दूध, डाळी, पावडरचा चमचा, सगळं. घास गिळताना तोंड कडू व्हायचं तिचं, मी बघितलंय. एकदा म्हणाली की हे सगळं खाताना मला चोरी केल्यासारखं वाटतं. पण खायची. पाण्याच्या बाटल्या जाऊन लोखंडी वजनं आली. व्यायामबाईच्या छोट्या व्यायामशाळेत ती जाऊ लागली, आरशासमोर तरण्या पोरांच्या मधे. हिवाळा गेला. पोटऱ्या भरल्या, चाल बदलली. जिने चढताना आता मी मागे राहायचे.

भाच्याचा फोन यायचा. बाबा कसे आहेत विचारलं की म्हणायचा, बरे आहेत, जरा उतरलेत. अक्का म्हणायची, "उतरू दे. मला सोपंच जाईल."

ज्या दिवशी तिने पूर्ण भरलेलं पोतं पलंगावरून उचलून, वळून, खुर्चीत ठेवलं, त्या दिवशी व्यायामबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्काने लगेच भाच्याला कळवलं आणि पट्टा पोत्यावरून सोडून धुवायला टाकला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो.

संस्था स्वच्छ होती. माणसंही वाईट नव्हती, त्यांच्यावर कशाला खापर फोडू? वेळेवर भरवायला यायची. भाऊजी तोंड उघडत नव्हते. नाकातून नळी घातली तर डाव्या हाताने ओढून काढायचे. तिथल्या नर्सने हे आम्हाला खोलीकडे जाता जाता सांगितलं. भाचा मागून चालत होता, खाली बघत. अक्का थांबून त्याच्याकडे वळली आणि मग पुढे गेली.

पलंगावर कोण आहे ते मला आधी ओळखूच आलं नाही. अक्काला आलं. नर्स म्हणाली की थांबा, मदतीला माणूस बोलावते. अक्का म्हणाली की नको. तिने भाऊजींना कडेला बसवलं, पट्टा बांधला. तो कमरेला दोनदा फिरून आला. भाऊजींनी डावा हात आपणहून तिच्या मानेभोवती टाकला. तिने त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावला, मुठी धरल्या.

"एक, दोन, चला."

तिने पोत्याएवढा जोर लावला होता. एवढे महिने अंगात भिनवलेला. भाऊजी एकदम वर आले, तिच्या अंगावर आदळले, आणि ती त्यांच्यासकट मागच्या मागे जाऊन पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली. मी ओरडले. काही झालं नव्हतं. ते तिच्या मांडीवर होते, अख्खे, आणि तिचे पाय जमिनीवर घट्ट होते. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, एकेका हाडावरून.

"अहो," ती म्हणाली, "बाकीचे तुम्ही कुठे ठेवलेत?"

घरी आणलं त्यांना. गाडीतून घरात तिने एकटीने उचलून नेलं, पट्ट्याशिवाय. तिच्या हातून त्यांनी तोंड उघडलं, पण आता पोटात काही ठरत नव्हतं. डॉक्टर म्हणाला की फार उशीर झालाय. दात होते तेव्हा चणे नव्हते, आणि चणे आले तेव्हा दात गेले, म्हणतात ना, तसली गत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पाट्या बघत होते, तशातच एका दुपारी गेले. अक्का तेव्हा त्यांच्यासाठी अंडं सोलत होती.

आता तिची साखर इतकी छान आहे की डॉक्टर तिचं उदाहरण देतो. दवाखान्यात बाकीच्या म्हाताऱ्यांना सांगतो, या बाईंकडे बघा, या वयात असे रिपोर्ट. अक्का ऐकून घेते आणि कागद घडी करून माझ्या हातात देते. मी म्हटलं तिला एकदा, बास कर आता, कुणासाठी उचलतेस? 

सकाळी मी गेले की ती वाळूचं पोतं पलंगावरून उचलते, खुर्चीत ठेवते, खुर्ची खिडकीकडे वळवते. 'चला' म्हणते, पण हळू, मला ऐकू जाऊ नये असं. मग गॅसवर अंडी उकडायला ठेवते. दोन असतात. दोन्ही तीच खाते.